एक दिवस आधी

२ तारीख, सोमवार
आलो एकदाचे! क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण खिडकीतून झाडं दिसतात. चिमीनं आल्या आल्या भिंतीवर पेन्सिलीनं घोडा काढला. बायकोनं डोळे वटारले, मला हसू आवरेना. चार वर्षं हंगामी नोकऱ्यांत चपला झिजवल्या, आता कायमची जागा मिळाली.

काम सोपं आहे. अणुभट्टीतून निघालेला माल तपासायचा आणि रवाना करायचा. दवाखान्यांची किरणोत्सारी औषधं शिशाच्या भांड्यांतून त्याच दिवशी जातात, कारण त्यांतला किरणोत्सार तासागणिक कमी होत असतो. सिलिकॉनला मात्र घाई चालत नाही. मांडीएवढे जाड, करडे ठोकळे भट्टीच्या पाण्यात फिरवत ठेवतात, त्यातल्या थोड्याशा सिलिकॉनचा फॉस्फरस होतो आणि मग अंगातला किरणोत्सार ओसरेपर्यंत ते एका बंद खोलीत निवत पडतात. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असते: अमुक तारखेआधी हात लावू नये. ती खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे थांबाकाका म्हणतात. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं.

११ तारीख, बुधवार
नुसता वैताग. गिऱ्हाइकाची गाडी दारात आणि ठोकळ्यावरची तारीख उद्याची! किरणोत्साराचं मापक लावून पाहिलं, आकडा साध्या भिंतीसमोर येतो तेवढाच. थांबाकाकांना म्हटलं, यात आता काही उरलेलं नाही. ते म्हणाले, मापकाला दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं, थांबा. तिकडे साहेबांचे फोनवर फोन. शेवटी काका जेवायला गेले तेव्हा ठोकळा काढला. हातमोजे सापडेनात, म्हणून उघड्या हातांनीच. साहेबांनी पाठ थोपटली. काका परतले, रिकामी जागा पाहिली आणि माझ्या हातांकडे बघत राहिले.

१३ तारीख, शुक्रवार
सुटताना फाटकावरच्या मशीनवर तळवे ठेवायचे. दोन सेकंदांत हिरवा दिवा लागतो, मग घर. आज लाल लागला आणि घंटा वाजली. नऊ वेळा हात धुतले, तरी तेच. सुरक्षेच्या बाईंनी छोटं मापक फिरवलं, त्यात काही नाही. मशीनच बिघडलंय म्हणाल्या आणि सोडलं. घरी पोचेपर्यंत उशीर झाला. चिमी माझ्या हातावर डोकं ठेवून झोपली.

१६ तारीख, सोमवार
ये रे माझ्या मागल्या! पुन्हा घंटा, आणि आकडा शुक्रवारच्या दुप्पट. साहेबांना अर्ज दिला, त्यांनी तो बाईंकडे पाठवला, बाईंनी पुन्हा साहेबांकडे. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. डॉक्टर म्हणतात नखं कापा. अरे, नखं काय कापा! इथली प्रत्येक वस्तू ठेवून दिली की निम्मी होते, मग हे दुप्पट कसं होतं, याचं उत्तर कुणीच देत नाही.

१९ तारीख
घरी सोडलं नाही. निवायच्या खोलीत, ठोकळ्यांच्या मांडणीशेजारी माझी खाट. थांबाकाकांनी मनगटाला चिठ्ठी बांधली. मी ओरडलो, मी काय माल आहे का? ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. तारीख २६. चिमीला फोनवर सांगितलं, सात वेळा झोपलीस की बाबा येईल.

२२ तारीख
चिठ्ठीवरची तारीख काकांनी खोडली. आता पुढच्या महिन्यातली. विचारलं, माझ्यासारखं आधी कुणाचं झालंय का? म्हणाले, एकाचं झालंय, त्यालाही घाई होती. त्याची तारीख अजून यायचीय. मांडणीच्या मागे बोट दाखवलं. मी तिकडे गेलो नाही.

मागून कुणीतरी खोकलं.

२४ तारीख
हात दुखत नाहीत. जळत नाहीत. फक्त आकडा— दुप्पट, पुन्हा दुप्पट—
मागचा तो दर तासाला विचारतो, आज किती तारीख. सांगितली की रडतो.

२५ तारीख
चिठ्ठीवर आता नुसतं वर्ष. तेही—
घरी जायचंय मला. बस.

२६
बायको आलीय. खोलीच्या काचेपलीकडे, फाटकाशी. चिमी कडेवर. कुणी बोलावलं यांना! काका म्हणाले होते, घरच्यांनाही तपासतात. काचेवर मुठी आपटल्या, त्यांना ऐकू जात नाही. त्या शुक्रवारी चिमी माझ्या हातावर— नंतरही रोज—

काका मशीनजवळ उभे. हातात कोरी चिठ्ठी. दोरा ओवलेला.

चिमीचे हात पुरत नाहीत. बायको उचलतेय. नको— ठेवले. दोन्ही तळवे. माझ्याकडे बघून हसतेय.

दिवा अजून नाही. एक सेकंद—