नावाड्याच्या गोष्टीचा शेवट

बाबा, तुम्ही मला फसवलंत, आणि ते कळायला मला इथे कॅनडात मिसिसागाच्या लायब्ररीत चार लोकांसमोर तोंडघशी पडावं लागलं. इथे महिन्यातून एकदा वाचनगट जमतो. या वेळी तुमच्या त्या लाडक्या अमेरिकन कादंबरीकाराची सगळ्यात नावाजलेली पुस्तकं निवडली होती: पूल बांधणाऱ्यांचं, घोड्यांच्या डॉक्टरचं, खुनाच्या खटल्याचं आणि नावाड्याचं. प्रत्येकाने एकेक सांगायचं होतं; नावाडी मी मागून घेतला. पुन्हा वाचायची गरजच वाटली नाही, मला तो तोंडपाठ! मोठ्या नदीवर होडी चालवणारा विधुर बाप, त्याची एकुलती एक मुलगी, तिचं शहरात शिकायला जाणं, सगळं मी रंगवून सांगितलं. शेवटी म्हटलं, हिवाळ्यात नदी गोठली तरी पलीकडच्या काठावरची पाववाली बाई त्याला रोज ताजा पाव आणून द्यायची आणि म्हातारा मजेत राहिला. मग गट चालवणाऱ्या पंजाबी बाईंनी चष्मा काढून हळूच विचारलं, "बहनजी, आपने कौनसी किताब पढ़ी है?"

आई गेल्यानंतरची आपली नागपूरची संध्याकाळ. तुम्ही ऑफिसातून येऊन भाजी फोडणीला टाकताय आणि मी स्टुलावर बसून पुस्तक तुमच्या डोळ्यांसमोर उघडं धरलंय. पुस्तक इंग्रजी, बर्डीच्या बाजारातून, फूटपाथवरून आणलेलं, मी मराठी शाळेतली. तुम्ही कढईत उलथनं फिरवत वाचता आणि तोंडाने सरळ मराठीत सांगता. "हं" म्हणालात की मी पान उलटायचं. पानांना हळदीचे डाग. तुमच्या भाषांतरातली अमेरिकन माणसं झुणका खायची आणि एकमेकांना "काय बाप्पा" म्हणायची, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता. त्या लेखकाचं तुम्हाला कोण कौतुक! "हा माणूस दर पुस्तकात नव्या घरात भाडेकरू म्हणून राहतो, अन् घरमालकाला माहीत नाही ते सांगतो," असं म्हणायचात. एकदा मी डोकावून पाहिलं आणि विचारलं, एवढ्या मोठ्या परिच्छेदाचं एवढंसंच मराठी कसं? तर केवढे खेकसलात माझ्यावर. "चुपचाप धर न पुस्तक. भाजी लागून राहिली इकडे."

गटातून परत येताना ते पुस्तक घेऊनच आले आणि कोट न काढता शेवट वाचला. पाववाली बाई त्यात कुठेच नाही. मुलगी गेल्यावर नावाडी एकटा पडतो, सामान आणायला कच्च्या बर्फावरून निघतो आणि बर्फ फुटतं. घराचं दार बंदच राहतं आणि तो घरी नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बर्फ वितळल्यावर मुलीला निरोप जातो. तुम्ही नावाडी वाचायला घेतलात ते दिवस मला लख्ख आठवतात. बारावी झाली होती, पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता आणि तुमचं कसं होईल म्हणून मी जायला तयार नव्हते. नावाडी संपला आणि मी बॅग भरली. पुढे इंग्रजी चांगलं आलं, पण तुमच्या तोंडून ऐकलेलं परत वाचावंसं कधी वाटलं नाही. पुण्याहून इकडे आले. फोनवर तुम्ही म्हणायचात, "खालच्या काकू रोज डबा देतात, मजेत आहे मी." तुम्ही गेल्यावर घर आवरायला आले तेव्हा त्या डब्यांसाठी काकूंचे आभार मानले, तर त्या गोंधळल्या. "डबा? नाही व, कधीच घेतला नाही त्यांनी. मीच किती वेळा विचारलं." मला वाटलं, वय झालं, विसरत असतील. काकू काहीच विसरल्या नव्हत्या.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. तुमचा प्रत्येक फोन आठवते आणि त्यात मूळ किती आणि भाषांतर किती, हे शोधत बसते. गुडघा बरा आहे म्हणालात, तो बरा होता का? दिवाळीला चुलतभाऊ आला होता म्हणालात, तो खरंच आला होता का? विचारायला आता कोणी नाही. आणि हे सगळं आत्ताच उपटायचं होतं! तुमच्या नातीला दूर पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सला ॲडमिशन मिळाली आहे, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायला. इथे जवळच टोरंटोतही दुसरं काहीबाही मिळतंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कॉन्डोतल्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. गेल्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये पाय घसरून पडले, तेव्हा धावत आली ती हीच. ती गेल्यावर पडले तर कोणाला कळेल, हा विचार मी भांडी घासताना करते, बसमध्ये करते, मीटिंगमध्येसुद्धा करते.

परवा तिला वाचनगटातली माझी फजिती सांगितली. ती पोट धरून हसली. "ओ माय गॉड, आजोबा इज अ लेजंड!" मग डोळे पुसत तिने विचारलं, "सो व्हॉट रिअली हॅपन्स टू हिम?" मला काहीही सांगता आलं असतं. पुस्तक तिने वाचलेलं नाही, वाचणारही नाही. बाबा, मी तिला खरं सांगितलं. कच्चं बर्फ सांगितलं, बंद दार सांगितलं, उशिरा गेलेला निरोप सांगितला, एक शब्दही गाळला नाही. ती उठून आपल्या खोलीत गेली. तिला खोटं सांगायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते, पण ते काही खरं कारण नव्हतं.

आज सकाळी सिरीयलच्या बोलमधून मान वर न करता ती म्हणाली, "आई, आय थिंक आय'ल जस्ट स्टे. टोरंटो इज फाइन." मी म्हटलं, बघ बाई, तुझा निर्णय. शुक्रवार परवा आहे. ती शेजारच्या खोलीतच आहे, दार उघडं आहे, उठून जावं आणि जा म्हणावं, एवढंच करायचंय. तुम्ही कढई हलवता हलवता ते केलंत. मी मात्र इथे बसून तुम्हाला लिहिते आहे. ती राहते म्हणाली ना, तेव्हा मला फार बरं वाटलं, बाबा.