एकही वार न खाता पाच-शून्य

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अक्षता म्हणली, डावखुरा का तू? त्या मिनिटापासून माझं आयुष्य बदललं. टाइमसकट लिहून ठेवतो. पुढं मुलाखतीत विचारतील.

झालं असं. मिथुनसोबत जालन्याच्या हॉलवर गेल्तो. तो तिथं चार वर्षांपासून तलवारबाजी शिकतो. मी बाकावर बसून डाव्या हातानं वडापाव खाऊन राह्यलो होतो. अक्षता तिथली ट्रेनर, पंचाची परीक्षा पण पास. म्हणली, डावखुरा माणूस समोरच्याला जड जातो, आपल्याकडं एकबी न्हाई, टीमला तिसरा पाहिजे, येतो का. डायरेक्ट 'तू'. मिथुनला पण ती तूच म्हणती. वॉचमनला पण. पण माझ्या वेळचा टोन वेगळा होता.

ज्या हातामुळं शाळेत छड्या खाल्ल्या, त्याच हातानं जिल्हा जिंकणार. संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला पळणे.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०

आत्ता उठलो. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या प्रकाराचं नाव इपी. बिलकुल सोपं. समोरच्याला अंगठ्यापासून मुंडक्यापर्यंत कुठंबी टोचा, मशीनवर तुमचा दिवा लागतो, एक पॉइंट. पाच झाले की जिंकलात. खेळायचं एका लांब पट्ट्यावर. पट्ट्याच्या मागच्या टोकावरून दोन्ही पाय खाली गेले तर समोरच्याला फुकट पॉइंट. हा नियम मला पटला न्हाई. अक्षताला तसं सांगितलं. ती म्हणली, तुला पटायची गरज न्हाई, मास्क घाल.

काळजी करती.

२८ सप्टेंबर, रविवार

माझी शैली तयार होऊन राह्यली. नाव ठेवलंय 'सापळा'. आपण मागं मागं जायचं, समोरचा आत येतो, मंग वार. वाघ असाच दबा धरतो. आज मिथुननं मला पाच मिनिटांत अकरा वेळा टोचलं, पण तो मित्र आहे, त्याच्यासाठी मी सापळा बंद करत न्हाई.

मिथुन म्हणला, पित्या, वाघ दबा धरतो हे बराबर, पण दबा धरता धरता तो गावाबाहेर न्हाई निघून जात.

अक्षता आज मला 'पुढं ये, प्रितम, पुढं ये' असं चौदा वेळा म्हणली. मी मोजलं. दुसऱ्या कुणालाच ती एवढं जवळ बोलवत न्हाई.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री पप्पांनी जेवताना परत बी.एस्सी.चा विषय काढला. मी सांगितलं, प्रॅक्टिकलच्या सरांनी माझं जर्नल टेबलावरून खाली टाकलं, मी तिथल्या तिथं निघून आलो, स्वाभिमान हाय मला. पप्पा म्हणले, त्याला दीड वर्ष झालं, सरांनी घरी येऊन माफी मागायची वाट बघून राह्यला का? मी म्हणलो, हो. पप्पांनी फक्त मीठ मागितलं.

पळणे: आज पण न्हाई. ताटावरून उठून गेलो होतो, उपाशीपोटी पळू नये.

२ नोव्हेंबर, रविवार

बसमध्ये मिथुन पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलला. तो वडीगोद्रीला हायवेवर टायरच्या दुकानात काम करतो. जिल्ह्यात टीम पहिली आली तर राज्याला जायचं, राज्याला मेडल आलं तर सरकारी भरतीत खेळाडू कोटा लागू होतो. त्याचं वय यंदा बसतं, पुढच्या वर्षी न्हाई. तीन माणसं भरल्याशिवाय टीम होत न्हाई. दुसरा हॉलवरचा संपत आहेच. म्हणला, तू आल्यामुळं टीम झाली. तू हरला तरी चालतंय, मी अन् संपत दोन मॅच काढतो. तू फक्त उभा राह्य.

'हरला तरी चालतंय' हे मला आवडलं न्हाई. पण माफ केलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या स्पर्धा. प्लॅन: ५-१ नं जिंकणे. एक पॉइंट समोरच्याला सोडणे, माणुसकी म्हणून. मंग मेडल अक्षताच्या हातात देऊन म्हणायचं, हे तुझंच. आरशासमोर सहा वेळा केलं. छान जमतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.३०

स्पर्धा मंगल कार्यालयात आहे, हॉल मिळाला न्हाई म्हणं. पट्टा एका टोकाला स्टेजपासून सुरू होतो, दुसऱ्या टोकाला जेवणाचे टेबल. पंच कमी पडले म्हणून आमच्या मॅचला पंच अक्षता. नशीब.

माझ्यासमोर हसनाबादचे सर्जेराव सर. वय त्रेचाळीस. पोट आहे. गुडघ्याला पट्टा. कीव आली.

दुपारी १.१५. बसस्टँड

समोरच्याचा दिवा एकदाबी लागला न्हाई. हे रेकॉर्डवर आहे. त्याची तलवार मला शिवली सुद्धा न्हाई.

स्कोअर ०-५.

१.४०

बस न्हाई अजून. सविस्तर लिहितो. मी सापळा लावला. सर्जेराव सर आत येईनातच, नुसते सावकाश चालत आले, बाजारात भाजी बघत चालावं तसं. मी मागं गेलो. पट्टा संपला. पॉइंट. असं पाच वेळा. पाचव्यांदा पाठीला जेवणाचं टेबल लागलं आणि दोन ग्लास पडले. लोक हसले.

सरांनी मास्क काढून हात पुढं केला. म्हणले, चांगला खेळलास लेकरा.

लेकरा. तिच्यासमोर.

मी हात दिला न्हाई. मॅचनंतर तलवारीनं करायचा सॅल्यूट केला न्हाई. मास्क खुर्चीवर आपटला अन् दाराकडं निघालो. अक्षता मागून म्हणली, प्रितम, सॅल्यूट. प्रितम, हात मिळव. प्रितम. तीन वेळा नाव घेतलं. मी थांबलो न्हाई.

दारातून वळून बघितलं, तर तिच्या हातात काळं कार्ड होतं. माझ्या एकट्यासाठी.

मिथुन ग्लोव्ह घालून पट्ट्याजवळ उभा होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

संपतचा फोन. सॅल्यूट न करता गेलं की काळं कार्ड, अन् ह्या स्पर्धेत एकाला काळं कार्ड म्हणजे सगळी टीम बाद. तो अन् मिथुन पट्ट्यावर चढलेच न्हाईत. मी म्हणलो, हा नियम मला कुणी सांगितला न्हाई. संपत म्हणला, अक्षतानं पहिल्या दिवशी सांगितला, तू तिच्याकडं बघून राह्यला होतास.

चुका कुणाच्या ते लिहून काढतो: आयोजकांची (टेबल). सर्जेराव सरांची (लेकरा). नियमांची. अक्षताची पण थोडी, ती डोळ्यांनी इशारा करू शकली असती.

जेवलो न्हाई.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अक्षताला नऊ मेसेज केले. उत्तर एकच आलं, माझ्या मॅचचा व्हिडिओ. खाली लिहिलंय, स्वतः बघ. डावा हात समोरच्याला जड जातो, पण त्यासाठी समोरच्यापर्यंत जावं लागतं. अन् त्याच्याखाली: मिथुनला फोन केलास का?

माझं काय चाललंय, विचारलंच न्हाई.

व्हिडिओ बघितला. मला वाटायचं, मी वाकून, दबकून, नजर रोखून मागं सरकतो. व्हिडिओत एक पोरगं तलवार तोंडासमोर धरून, मान फिरवून, पळून राह्यलंय. परत बघितला. डोळे मिटलेले वाटतात, पण मास्कच्या जाळीतून नक्की दिसत न्हाई.

ही माझी शैली. दुसरी न्हाई.

मिथुनला फोन लावला. पहिली रिंग जायच्या आत कट केला. रेंज न्हवती असं लिहिणार होतो. रेंज होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

वडीगोद्रीला गेल्तो. मिथुनसाठी चार पानी पत्र लिहिलं होतं, मी का निघून गेलो त्याची कारणं. मिथुन दुकानावर होता. घरी त्याची आई, द्वारकाबाई मावशी. मी जयभीम केला, नाव सांगितलं. मावशी म्हणल्या, तूच का तो डावखुरा, ये बाबा, बस. मिथुन लई नाव काढतो तुझं, तू आला म्हणून टीम झाली म्हणतो.

ताटात धपाटं अन् दही वाढलं. म्हणल्या, मिथुन चार दिवस धड बोलला न्हाई. मलाच जमलं न्हाई आई, म्हणतो, समोरचा भारी होता. चार वर्षं गेला की रे लेकरू जालन्याला. तू होता ना तिथं, कसा खेळला तो?

घास तोंडात होता. चांगला खेळला, एवढं म्हणलं की झालं असतं. बसपण पाऊण तासानं होती.

म्हणलो, मावशी, मिथुन हरला न्हाई. त्याला खेळूच दिलं न्हाई. माझ्यामुळं.

त्यांना कळेना. मंग सगळं सांगितलं. त्या म्हणल्या, हात दिला न्हाई म्हणून? एवढ्यासाठी? मी म्हणलो, हो. म्हणल्या, अन् तू का न्हाई दिला?

चार पानं खिशात होती. ती बाहेर काढली न्हाई.

मावशींच्या हातात दुसरं धपाटं होतं, मला वाढायला आणलेलं. ते त्यांनी परत टोपल्यात ठेवलं, वरून फडकं झाकलं. मिथुन जेवायला येईल आता, म्हणल्या. रागानं न्हाई. जाताना दार लोटून घे, कुत्रं शिरतं.

मी ताट उचलून मोरीत ठेवलं, बाहेर आलो, दार लोटून घेतलं.