रजिस्टरातले दहा महिने

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, शाळेचा निवृत्त कारकून, डोके ताळ्यावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. फुप्फुसे कामातून गेली आहेत. डोके शाबूत असल्याची खात्री डॉक्टरीणबाईंनी करून घेतली आहे.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला. आईचे शेवटचे दुखणे तिने एकटीने काढले. मोरीचा गळका नळ तिने तरी दुरुस्त करून घ्यावा, मी वीस वर्षे तो उद्यावर ढकलला.

२. बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी.

३. माझे शाईचे पेन हेडमास्तरांना. "एक ओळ तर लिहायची, कोण बघायला बसलंय?" असे तेच म्हणाले होते. आता त्यांनी ते खिशाला लावून मिरवावे.

४. मुलाविषयी. सहा पूर्ण झाल्याशिवाय शाळेत घेत नसत. माझ्या दिवंगत पत्नीला लाँड्रीत नोकरी लागली होती आणि पोराला सांभाळायला कोणी नव्हते. म्हणून हेडमास्तरांच्या त्या बोलण्यावर, वरच्याच पेनाने, रजिस्टरात त्याची जन्मतारीख मी दहा महिने मागे घेतली. पोर कुठे बोलून जाऊ नये म्हणून घरीही वाढदिवस त्याच तारखेला करू लागलो.

पुढे गोदामाच्या जिन्यावर त्याची एकाशी मारामारी झाली. तो माणूस पडला आणि गेला. मुलाला त्या दिवशी सतरा वर्षे पाच महिने झाले होते. कागदावर अठरा वर्षे तीन महिने. चौकीत मी त्याच्यामागोमाग निघालो, तर अंमलदार म्हणाला, "तो सज्ञान आहे. तुमचं आत काय काम? बाहेर बसा."

मुलाने वळून विचारले, "बाबा, तुम्ही येताय ना?"

खरे वय सांगितले असते तर त्याच्या शेजारी बसण्याचा मला हक्क होता. पण खोटी नोंद उघडकीला येईल, नोकरी जाईल, या भीतीने ते सांगितले नाही. "आता तू मोठा झालास," एवढेच म्हणालो. मोठा म्हणूनच त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी म्हणायची, "मी जाऊन सांगते." तिला मुलीची शपथ घालून गप्प केले. ती झुरून गेली. मला स्वतःची किळस येते.

५. प्रसूतिगृहाचा मूळ दाखला कपाटात चादरींखाली आहे. तो व माझी लेखी कबुली माझ्या पश्चात मुलाच्या वकिलांना द्यावी.

इथवर वाचून डॉक्टरीणबाईंनी साक्षीला नकार दिला. "पोरगा सात वर्षं आत आहे. तुम्ही मरेपर्यंत त्यानं थांबायचं? तुमची अब्रू सुखरूप राहावी म्हणून?"

कलम पाच रद्द. दाखला व कबुली आज दुपारी मी स्वतः वकिलांकडे नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "लहान म्हणून खटला चालला असता तर तीन वर्षांत सुटला असता."

६. मुलाने बापासाठी जे करायचे असते, त्या सगळ्यातून मी त्याला मोकळा करतो. माझ्या मरणाची खबर मुलीने त्याला द्यावी. येण्याची गळ घालू नये.

सही: मुलाचा बाप
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, शेजारचे घड्याळजी
ठिकाण: राहते घर
दिनांक: चौदा, गुरुवार