चाळीस तासांचा वूफर

चि. पुतण्यास काकाचे अनेक (राग आल्यामुळे खरं तर निम्मेच) आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असेलच, आमची बिघडवायची सोय मात्र तू चोख केली आहेस. तू स्पीकरच्या दुकानात कामाला, म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवला. नवा वूफर आधी मोकळा व्हावा लागतो, चाळीस तास वाजवल्याशिवाय त्याचा खरा आवाज लागत नाही, असं तू दुकानाच्या कागदावर सहीनिशी लिहून दिलंस. मी मूर्खासारखा रोज दुपारी चार तास ते धूड घुमवत बसलो. पहिल्याच दिवशी कपाटातल्या बशा चालत कडेला आल्या. तिसऱ्या दिवशी माझे वडील (म्हणजे तुझे आजोबा, फोटोतले) भिंतीवरून पालथे पडले. घरात तुझी काकू तेवढी निवांत. तिला सात वर्षांपासून ऐकू येत नाही, तेव्हा ती सुखी. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तणतणत वर आले, तेव्हा मी तुझा कागद पुढे केला. मास्तर लेखी गोष्टीला फार मानतात. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चाळीसच्या वर एक मिनिटही चालणार नाही, असं बजावून गेले.

काल चाळीस तास भरले. आवाज पहिल्या दिवशी होता तसाच! दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, वूफर मोकळा व्हायचा तो दोन-चार गाण्यांतच होतो. पुढे सवय होते ती आपल्या कानांना. अरे, या वयात सख्ख्या काकाला असं बनवताना तुला काहीच कसं वाटलं नाही? हा डबा उचलून ने आणि पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.

तुझा संतापलेला काका

ता. क. डबा न्यायला एवढ्यात येऊ नकोस. काल वूफर बंद केला, तर काकू स्वयंपाकघरातून अनवाणी बाहेर आली. (दहा दिवस ती घरात चपला का घालत नव्हती, हे मला बैलाला तेव्हा कळलं.) म्हणाली, "का हो थांबवलंत? पायांना कळत होतं की गाणं."

ता. ता. क. मास्तरांसाठी ताबडतोब दुसरा कागद पाठव. चाळीसवर एक शून्य द्यायचं राहून गेलं होतं, असं लिही. सही ठसठशीत कर.