सोयरिकीचा गूळ

१० फेब्रुवारी १९६३, राळेगाव

पाच महिने वही उघडली नाही. सबबी आहेत, पण चूक माझीच.

भियाला, म्हणजे थोरल्या भावाला, नागपूरला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या पेशी मरत आहेत. हळूहळू. मेलेल्या परत येत नाहीत." आधी काय जाईल? "कालचं. जुनं बरीच वर्षं टिकतं."

भिया आमच्या बंजारा तांड्याचा नायक; पंचायत त्याच्याच शब्दावर चालते. कोण कोणत्या कुळाचं, कुणाची सोयरीक कुणाशी चालते — सारं त्याच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. पण ते जुनंच! हायसं वाटलं. वाटायला हवं होतं का, माहीत नाही.

१९ फेब्रुवारी

भाबी सांगत होती, "काल बैलाले माह्या नावानं हाक मारली, मास्तर!" मग? "मंग काय, बैल आला बी! मी काई गेली नाई."

भिया पोटभर हसला. मग हळूच मला — "काहून हसून राह्यलो आपण?"

३ मार्च

बाबुलालच्या मुलीची, जमनीची, सोयरीक. मुलगा पलीकडच्या तांड्यावरचा राठोड. पंच भियाकडे बघत होते. तो म्हणाला, "हे पवार, ते राठोड. चालते." गूळ वाटला, सोयरीक पक्की झाली.

पण बाबुलालचा बाप पवारांकडे दत्तक आलेला! जन्मानं राठोड. म्हणजे कूळ एकच — मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. लहानपणी भियानंच सांगितलं होतं. की घोळ माझा? डॉक्टर म्हणाले जुनं टिकतं. मग चुकतंय कोण? आणि भरल्या पंचायतीत नायकाला खोटं पाडायचं?

गप्प राहिलो. गूळ खाल्ला.

११ मार्च

लग्नाला सतरा दिवस. परीक्षेचे पेपर काढले.

२० मार्च

भिया तांड्यावरून चालत शाळेत आला. नजर स्वच्छ. वर्गाच्या दारातच म्हणाला, "बाबुलालचा बाप राठोडाचा होता. मी इसरलो. माहं डोस्कं तं गेलं, उत्तम. तुहं तं साजरं होतं ना? तू काहून गप राह्यला?"

मुलं ऐकत होती. "उद्या दोघं मिळून बाबुलालकडे जाऊ," एवढंच म्हणालो.

२१ मार्च

त्याला न्यायला गेलो. "कोन बाबुलाल?"

उद्या, शाळेआधी — बाबुलालकडे एकट्यानं जाणे.