मासा कुणी कुणाला द्यायचा

गुरुवार, ७ नोव्हेंबर. मेदान

मांस शिजलं. डबा भरला. खांदे गेले कामातून! बोनार स्वयंपाकघरात डोकावून म्हणतो, "आई, मामाच्या गावाला डुकरं मिळत नाहीत का?" कर्म माझं! तिशीचा घोडा झाला, पण बहीण भावाकडे काही मागायला जाते ती स्वतः रांधलेलं मांस घेऊन जाते, एवढंही ठाऊक नाही. भावानं ते ठेवून घेतलं तर मागणं कबूल. परत केलं तर नाही. आणि हे याला शिकवायचं कुणी? मीच ना!

मागायचं काय, ते मात्र तोंडातून फुटत नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. "दादा, बोनारला एक मुलगी पसंत आहे. जावा बेटावरची आहे, आपल्या बाताक लोकांतली नाही. तू तिला तुझी मुलगी करून घे, तुझं कुळ दे, म्हणजे मी तिला रीतीनं सून करून आणीन." म्हणायला काय जातंय! ऐकणाऱ्याचं काय? एकुलती एक पोर गमावलेल्या माणसाला सांगायचं, ही दुसरी घे!

दुसऱ्या कुणाकडे जायची सोयही नाही. बाहेरची मुलगी घरात आणायची तर ती आधी मामाची मुलगी व्हायला हवी. आणि बोनारला मामा एकच.

पोरांनी शुक्रवार-सोमवारच्या रजा टाकल्यात. दादाला फोनवर सांगितलं, "सहज फिरायला येतोय." तो म्हणाला, "या पावसात?" मी फोन ठेवून दिला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. तुकतुक

पाऊस, पाऊस, पाऊस! बोटीत आम्ही तिघं, एक बाई आणि तिच्या कोंबड्या. सीझनला याच बोटीवर उभं राहायला जागा नसते. तळ्याचा पलीकडचा काठ दिसतच नव्हता. दादाच्या लॉजच्या सगळ्या खोल्यांना कुलपं. मी मुद्दामच ही वेळ धरली. गिऱ्हाईक नाही, पाहुणे नाहीत, म्हणजे दादाला सबब नाही.

धक्क्यावर उभा होता, छत्रीशिवाय. म्हातारा दिसतो आता. मला बघून नेहमीचंच ओरडला, "आलीस? तळ्याला बजावून ठेवलंय, दुमारिस येतेय, सांभाळून राहा!" शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, इथे एक डोंगर होता, तो फुटला आणि हे तळं झालं. तेव्हापासून याचं म्हणणं, डोंगर फुटला तेव्हा दुमारिस जवळपासच असणार. पन्नास वर्षं तीच थट्टा! बरं वाटलं पण.

"आणि ही कोण?"

"बोनारची मैत्रीण. सेकार."

सेकारनं वाकून काहीतरी म्हटलं. ही पोर बोलते इतकी हळू, की मला वाटतं माझेच कान गेले. दादा ओरडला, "मोठ्यानं बोल पोरी, इथे कुणी झोपलेलं नाही!" बिचारी घाबरली. मग हसली. हसते छान.

बोनारला मात्र तो नुसतं "बोनार" म्हणाला. पाळण्यात होता तेव्हापासून याला "जावईबापू" म्हणायचा! भाचा आणि मामाची मुलगी, आमच्यात ते जन्मतःच ठरल्यासारखं. चड्डी सावरत धावणाऱ्या पोराला "या जावईबापू, बसा जावईबापू!" बोनार नि दादाची रोंदांग दोघंही त्यावर खिदळायची, त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं. मग रोंदांग गेली. साधी डेंगी. सहा वर्षं झाली. तो शब्द या घरात परत कुणी काढला नाही.

डबा ओट्यावर ठेवला. दादानं झाकण उचलून वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "स्वतः रांधलंस. म्हणजे मागायला आलीयेस."

मी डब्याच्या फडक्याची घडी घालत बसले. मी! जिला सगळी गल्ली घाबरते!

"बोल की!"

"उद्या," म्हटलं.

"मग मांसही उद्या," म्हणाला आणि झाकण लावून डबा फ्रिजमध्ये ठेवला. जेवणात साधी भाजी-भात. वहिनीनं कुणाकडेच पाहिलं नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

वहिनीबरोबर रोंदांगच्या थडग्याशी जाऊन आले. फरशीवर शेवाळ धरलंय. दोघींनी बसून खरवडलं. वहिनी मान वर न करता म्हणाली, "मला कळलंय तुम्ही कशाला आलात."

मी खरवडतच राहिले.

"मला विचाराल तर घरात पोरीचा आवाज हवाय मला. कुणाच्याही पोरीचा चालेल. पण ह्यांना तुम्हीच विचारा. माझ्यात बळ नाही." मग रडली. मीही रडले. दोघींची नाकं लाल! आज जेवताना विचारते. नक्की.

शनिवार, दुपार

सगळं नासलं!

आम्ही दोघी तिकडे शेवाळ खरवडत होतो, इकडे सेकारबाई स्वयंपाकाला लागल्या. शेजाऱ्याच्या जाळ्यातून ताजा मासा आणला, मोबाइलवर बघून आमच्या पद्धतीचा मसाला वाटला, हळद, आलं, तिरफळ, सगळं. आणि माझा दिवटा बाजूला बसून कांदे सोलून देत होता! घरात शिरले तर घमघमाट. मला वाटलं शेजारणीनं पाठवलं असेल. तोवर सेकारनं ताट नेऊन दादापुढे ठेवलंसुद्धा.

दादा बघतच राहिला. "हा कुणी दिला मला?"

"मी केला, मामा. तुमच्यासाठी." ती एवढी उजळली होती! आल्यापासून पहिल्यांदाच ऐकू जाईल असं बोलली.

धरणी दुभंगावी असं झालं मला. मासा आमच्यात भाऊ देतो बहिणीला. मुलगी देणारं घर मोठं, घेणारं धाकटं. मोठ्यानं धाकट्याला मासा द्यायचा, तोच आशीर्वाद. अख्खा, खवल्यांसकट, डोकं घेणाऱ्याकडे करून. आणि इथे माझ्याबरोबर आलेली पोर माझ्या थोरल्या भावाला मासा वाढतेय, तोही तुकडे करून! म्हणजे आम्ही मोठे, तू हात पसर. माझा मेलेला बाप थडग्यात उठून बसला असेल.

"तिला माहीत नाही रे दादा!" मी ओरडले. आणि मग थांबताच येईना. ज्याची आरशासमोर तालीम केली होती ते सगळं उलटंसुलटं बाहेर पडलं. "तिला तुझी पोर करून घे, मी हेच मागायला आले. रोंदांगच्या जागी नाही रे, तिची जागा कोण घेईल! पण हिला कुणीतरी हवंय, आणि बोनारला हिच्याशिवाय कुणी नकोय, आणि मला तुझ्याशिवाय कोण आहे?"

दादानं ताट बाजूला सारलं. एक घास खाल्ला नाही. दारात जाऊन थांबला, पाठमोराच म्हणाला, "रीतीनं विचारलं असतंस तर बरं झालं असतं. मी उत्तर देईन ते रीतीनंच देईन." आणि गेला पावसात.

सेकारला बोनारनं समजावून सांगितलं. त्याला तरी आता कळलं म्हणायचं! ती पांढरीफटक.

रविवार, १० नोव्हेंबर

चर्चला गेलो. दादा पुरुषांच्या बाकावर. खर्जातला आवाज अजून तसाच आहे. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दुपारी खिडकीतून बघते तर सेकार धक्क्यावर एकटी, आणि दादा तिच्यासमोर उभा राहून हातवारे करतोय. ती नुसती मान डोलावतेय. पाऊस चालूच. आत आली तेव्हा ओलीचिंब.

"काय म्हणाले?"

"विचारत होते, माशात तिरफळ किती घातलं. म्हणाले, कमी पडलं."

बघा! एवढ्या पावसात पोरीची चूक काढायला गेला! बहिणीवरचा राग बहिणीवर काढ ना. मी तरातरा निघाले होते, सेकारनं हात धरला.

"काकू, मी त्यांना नको असेन तर तसं स्पष्ट सांगा. मी रडणार नाही." आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. तिला जवळ घेतलं. हाडं नुसती! हिला आई नाही हे मी किती वेळ विसरूनच गेले होते. इतके दिवस मला बोनारचं लग्न व्हायला हवं होतं. आज मला ही पोर हवी आहे. दादा काही म्हणो.

सोमवार, ११ नोव्हेंबर. बोटीत

डबा परत केला.

धक्क्यावर माझ्या हातात ठेवला, जड. माझाच डबा, माझ्याच फडक्यात बांधलेला. "वाटेत उघडू नकोस, गाडीभर वास सुटेल," एवढंच बोलला. तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून जसाच्या तसा परत! वहिनी समोर यायलासुद्धा तयार नाही, म्हणे चुलीपाशी काम आहे.

मी निरोप घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तो धक्क्यावर उभा राहिला, बोट वळेपर्यंत. राहू दे उभा!

पोरांना काही बोलले नाही. दोघं एका छत्रीखाली बसलीत. डबा माझ्या मांडीवर. बोनारला कळत नाही, पण सेकारला कळलंय. ती डब्याकडे बघत नाही.

सोमवार, संध्याकाळ. मेदान

मांस कुत्र्यांना घालायचं म्हणून फडकं सोडलं. वर केळीचं पान. ते उचललं.

मासे! तीन. अख्खे, खवल्यांसकट, एकाशेजारी एक, तिघांचीही तोंडं एकाच बाजूला, माझ्याकडे. तिरफळाचा वास घरभर.

म्हणजे मांस त्यानं ठेवून घेतलं! मग वहिनीला फोन लावला. ती एका दमात बोलत सुटली. "मांसाचे वाटे आज सकाळीच भाऊबंदांत घरोघरी पोचवले, सगळ्यांना कारण सांगून. मासे ह्यांनी पहाटे स्वतः केले, मला नुसतं जाळ बघायला बसवलं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून दम दिला." मी विचारलं, आणि शनिवारचा तो मासा? "तो एकट्यांनीच संपवला हो! ओट्यापाशी उभं राहून. पोरीनं केलंय म्हणाले, टाकायचं कसं?"

मी फडक्यानंच डोळे पुसले. तिच्यामागून दादाचा आवाज आला, नेहमीसारखा, सगळ्या तळ्याला ऐकू जाईलसा.

"रडतेय ना ती? रडू दे. म्हणावं, जावईबापूंना दे फोन!"