पंप गप्प होता

प्रिय दादा,

उद्या सकाळच्या पाळीला मी बॉयलरवर उभा राहणार आहे. तुझ्याच जागी! बॉयलर नवा आहे, पण त्याला पाणी देणारी पेटी त्याच जातीची, आपोआप चालणारी. घरात कुणाशी बोलवेना, म्हणून तुला लिहितोय.

वहिनी एवढंच म्हणाली, "दुसरं कायबी काम धरा भावजी, पर तितं नगं." 

कारखान्यात ती पेटी पहिल्यांदा बसली, तेव्हा घोरावाडी स्टेशनापासून आपल्या नवलाख उंबरे गावापर्यंत सायकल हातात धरून तू मला तेच समजावत आलास. "आत पोकळ गोळा तरंगतो. पाणी उतरलं की गोळा खाली, पंप चालू. पाणी चढलं की पंप बंद. आपून हात लावायचाच न्हाई!"

मी विचारलं, "आन् गोळाच अडाकला तर?"

तू थांबलास. "मग पेटी त्याचंच खरं मानंल. तिला पाणी कुटं दिसतंय?"

दादा, तुला ठाऊक होतं रे!

त्या दिवशी तू पाळीवर आलास तेव्हा पंप गप्प होता. आधीच्या पाळीवाल्यांना ती शांतता उलट बरी वाटली होती. गाळात गोळा वरच अडकलेला. पेटीच्या हिशेबी बॉयलर भरलेला. तू बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाहिलंस. पाणी नव्हतं. खाली जाळ मात्र धडधडत होता.

तुझ्या पाळीतला सखाराम पंप हातानं चालू करायला धावला. तू त्याचं मनगट धरलंस. "नगं! तापल्याल्या लोखंडावर गार पाणी गेलं तर समदं फुटंल. भाईर व्हा!"

जाळाचं तेल बंद केलंस, सगळ्यांना बाहेर काढलंस. आवारात उभं राहून माणसं मोजलीस. सखाराम दिसेना. तू परत आत गेलास.

तो मागच्या दारानं कधीच बाहेर पडला होता, दादा. भिंतीपलीकडे उभा होता. एक हाक का नाही मारलीस? मग तापलेलं लोखंड वाफेच्या दाबानं फाटलं आणि तो आवाज झाला. आई शेतात होती, तिलाही तो ऐकू आला म्हणे. सखाराम अजून आपल्या दारावरून मान वर करून जात नाही.

तुला शब्द देतो. पंप गप्प असला की मी आधी काच बघीन. जाळ बंद करीन, माणसं बाहेर काढीन. मोजताना कुणी कमी भरलं, तर दारातूनच नाव घेऊन हाक मारीन.

आतून ओ आली नाही तर काय करीन, ते मी वहिनीला सांगितलेलं नाही.

तुझा धाकटा,
शंकर